दूध टाकणे आणि ओकणे : वऱ्हाडातील तान्ह्या मुलांच्या एका लक्षणाचा इतिहास

अंगावर पिणारे मूल दूध 'टाकते' आणि आजारी मूल ते 'ओकते', असा भेद मराठी घरांतील बोलण्यात पुष्कळदा आढळतो. तो काटेकोर नाही. एकाच घरात दोन्ही शब्द एकाच अर्थाने ऐकू येतात. तरीही शब्दांच्या मुळाशी असलेले निरीक्षण खरे आहे. पहिल्या क्रियेत जोर नसतो. पिऊन झालेले मूल खांद्यावर घेतले असता ढेकरेबरोबर दह्यासारखी गुळणी ओठांच्या कोपऱ्यातून ओघळते, आईचा पदर भिजतो आणि मूल पुन्हा हसू लागते. दुसऱ्या क्रियेत पोटाचे स्नायू आवळले जातात, मुलाचा चेहरा बदलतो आणि नंतर ते मलूल होते. आजचे बालवैद्यकशास्त्र जठरातील द्रव्य विनासायास वर येणे आणि खरी वांती यांत जो फरक करते, तो बहुतांशी हाच आहे. असे असता या साध्या लक्षणावर शतकानुशतके एवढे उपचार का झाले, त्यांपैकी काही मुलाच्या जिवावर का बेतले आणि काळजीचे कारण नेमके कोणते हे ठरावयास इतका काळ का लागला, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक विचारार्ह प्रश्न आहे.

हा प्रश्न येथे यवतमाळ जिल्ह्यातील नेर या गावाच्या परिसरावर दृष्टी ठेवून पाहिला आहे. नेर हे यवतमाळ-अमरावती रस्त्यावरील तालुक्याचे ठाणे. शेजारच्या परसोपंतमुळे ते 'नेर परसोपंत' या जोडनावानेही ओळखले जाते. पूर्वी ते दारव्हा तालुक्यात मोडत असे. सारा मुलूख काळ्या जमिनीचा व कपाशीचा. मूर्तिजापूर-दारव्हा-यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी जिल्ह्यात धावू लागली, तरी तिचा मार्ग नेरवरून गेला नाही. मोठ्या दवाखान्याची वाट येथील लोकांना दीर्घकाळ बैलगाडीने आणि पुढे मोटारीने काटावी लागली. वऱ्हाडातील शेकडो गावांची स्थिती याहून वेगळी नव्हती. नेरची निवड त्याच्या वैशिष्ट्यासाठी नसून त्याच्या सामान्यत्वासाठी आहे.

आरंभीच एक अडचण येते. दूध टाकण्याला दप्तर नाही. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली आल्यानंतर जन्ममृत्यूंची नोंद होऊ लागली. परंतु मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजके होते : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, श्वसनाचे विकार, अपघात व 'इतर'. नोंद करणारे गाव-अधिकारी वैद्य नव्हते. सहा आठवड्यांचे मूल ओकून ओकून सुकले व गेले, तर ते 'ताप' या रकान्यात जाई किंवा 'इतर' या रकान्यात. ज्या वणी जिल्ह्याला १९०५ साली यवतमाळ हे नाव मिळाले, त्याचे ब्राऊन व रसेल यांनी सिद्ध केलेले गॅझेटिअर १९०८ साली निघाले. परंतु अशा ग्रंथांतील आरोग्याचे प्रकरण मुख्यतः साथींचे असते. साथ नसलेला, एकेका घरात घडणारा, बहुतेक वेळा आपोआप बरा होणारा विकार राज्यकर्त्यांच्या नजरेत भरण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे या विषयाचा इतिहास दप्तरांऐवजी तीन ठिकाणी शोधावा लागतो : वैद्यकाच्या ग्रंथांत, घरगुती उपचारांत आणि अलीकडच्या काळात गावोगाव झालेल्या प्रत्यक्ष निरीक्षणांत.

ग्रंथांपैकी प्रथम विचार चरकाचा. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात क्षीराचे म्हणजे अंगावरच्या दुधाचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांतील स्निग्धता या कफजन्य दोषाने युक्त असे दूध पिणारे मूल ओकते, कुंथते व त्याची लाळ गळते, असे वर्णन आहे. येथे लक्षण मुलाचे, परंतु दोष दुधाचा, आणि म्हणून औषध प्रामुख्याने दूध पाजणारीला. तिची शुद्धी करावयाची, तिला पथ्य सांगावयाचे. सुश्रुताने शारीरस्थानात दूध पाण्यात टाकून पाहण्याची परीक्षा दिली आहे. पाण्याशी एकजीव होते, तंतू धरीत नाही व तळाशी बसत नाही ते दूध निर्दोष. या परीक्षेमागील दृष्टी प्रायोगिक आहे हे नाकारता येत नाही. परंतु तिच्या योगाने संशयाची दिशाही ठरून गेली. मुलाने दूध टाकले की पहिली चौकशी आईच्या दुधाची होऊ लागली.

वाग्भटाचा अष्टांगहृदयातील विचार याहून सूक्ष्म आहे. उत्तरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात त्याने एकीकडे 'क्षीरालसक' या घोर विकाराचे चित्र रेखाटले आहे. त्यात मळ दुर्गंधी, पातळ व फेसाळ होतो, लघवीचा रंग बदलतो आणि ताप, अरुची, तहान, वांती, कोरडे ढेकर, जांभया, अंग पिळवटणे, कण्हणे व कापरे अशी लक्षणे एकत्र येतात. दुसरीकडे त्याच अध्यायात, प्यालेले दूध पुनःपुन्हा ओकणाऱ्या मुलासाठी स्वतंत्र व सौम्य उपाय आहे : डोरली व रिंगणी यांच्या फळांचा रस आणि पंचकोल, मधतुपातून चाटविणे. याचा अर्थ उघड आहे. नुसते दूध ओकणारे मूल आणि इतर लक्षणांच्या घोळक्यात ओकणारे मूल ही दोन निराळी मुले आहेत, हे ग्रंथकाराला ठाऊक होते. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील नैगमेष ग्रहाचे वर्णनही याच जातीचे आहे. फेस ओकणारे, कमरेत वाकणारे, वर टक लावून कण्हणारे, तापाने फणफणलेले मूल 'ग्रहाने धरलेले' मानले आहे. ग्रहकल्पना बाजूस ठेवली, तर उरते ते एका गंभीर आजाराचे डोळसपणे केलेले टिपण.

निदान येथवर बरोबर चालले होते. उपचारात मात्र घोटाळा झाला. क्षीरालसकात वाग्भट धात्रीला आणि मुलाला, दोघांनाही, त्वरेने वमन देण्यास सांगतो. आधीच ओकून शुष्क होत चाललेल्या तान्ह्या मुलाला वांतीचे औषध देणे म्हणजे उरलेले पाणीही काढून घेणे होय. दोष बाहेर काढावा हा सिद्धांत एकदा मान्य केला की हा उपाय तर्कशुद्धच ठरतो. तर्कशुद्ध सिद्धांताने दुबळ्या रोग्यावर ओढवलेले अरिष्ट हा प्रकार भारतीय वैद्यकाचा खास नव्हे; युरोपात रक्तस्रावाच्या उपचाराने तेच केले.

या संदर्भात काश्यपसंहितेचा निर्देश अवश्य केला पाहिजे. केवळ बालकांना वाहिलेला हा ग्रंथ नेपाळात मिळालेल्या खंडित ताडपत्रांवरून राजगुरू हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यातील वेदनाध्यायाचा विषयच असा की, ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे कशावरून ओळखावे. ज्या मुलाला कारणावाचून वारंवार ढेकर येतात व जे झोपेने व जांभयांनी घेरलेले असते, त्याला वांतीचा विकार होणार, असे तेथे सांगितले आहे. सुस्ती हे तान्ह्या मुलाच्या आजाराचे चिन्ह म्हणून येथे वांतीशी जोडले गेले, हे लक्षणीय आहे. अर्थात एवढ्यावरून प्राचीनांना आधुनिक रोगनिदान अवगत होते असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. अध्यायाची मांडणी सूत्रमय आहे आणि पडताळ्याची पद्धत तिच्यात नाही. शिवाय हा ग्रंथ छापून येईपर्यंत बहुतेक वैद्यांच्या हाती नव्हता. मराठी वैद्यांच्या व सुशिक्षित गृहस्थांच्या हाती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होता तो डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांचा 'सार्थ वाग्भट'.

ग्रंथांतून घरात आले ते मुख्यतः एकच सूत्र, दुधाच्या दोषाचे. बाळंतिणीने गार खाल्ले, आंबट खाल्ले, वातूळ डाळ खाल्ली, म्हणून बाळाने दूध टाकले, हा न्यायनिवाडा मराठी घरांत आजही संपूर्ण मावळलेला नाही. तो देणारी बहुधा सासू असते आणि आरोपी सून. पथ्याच्या नावाखाली बाळंतिणीच्या ताटातून भाजी, फळे व डाळी काढून घेतल्या जात आणि जिला अधिक अन्नाची गरज, तिलाच ते कमी मिळे. या समजुतीत सत्याचा एक लहान अंश आहे, तोही नमूद केला पाहिजे. काही थोड्या मुलांना गाईच्या दुधातील प्रथिनांची असहिष्णुता असते. आईने घेतलेल्या दुधातून ती प्रथिने अल्प प्रमाणात अंगावरच्या दुधात उतरतात आणि वांती, रक्तमिश्रित शौच, अंगावर चट्टे अशी लक्षणे उद्भवतात. अशा वेळी वैद्याच्या देखरेखीखाली आईने काही आठवडे दुधाचे पदार्थ वर्ज्य करणे योग्य ठरते. परंतु वांगे, डाळ किंवा गार पाणी यांचा यात काही संबंध दिसत नाही. ज्या दुधावर प्रसूतीनंतर सर्वाधिक भर असावयाचा, त्याच दुधाकडे संशयाने पाहण्याची सवय मात्र पथ्याने लावली.

दृष्टीचा उपचार त्या मानाने निरुपद्रवी. मीठमोहऱ्या ओवाळल्या, काजळाचा तीट लावला, सटवाईला नैवेद्य दाखविला, की काही तास निघून जातात. आणि दूध टाकणे हे असे लक्षण आहे की बहुतेकदा काही तासांत, नाही तर काही महिन्यांत, आपोआप कमी होते. उपचाराला यश मिळाल्याचा भास निर्माण करण्यास याहून सोयीचे लक्षण नाही. बाळघुटीची कीर्तीही बऱ्याच अंशी अशीच वाढली असावी. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, मायफळ, काकडशिंगी, अतिविष, सुंठ, खारीक, बदाम यांचे सहाणेवर उगाळलेले चार-दोन वेढे दुधात कालवून दिले जात. वेढ्यांच्या मोजणीत आजीचा हात सावध असे. तरीही सहाण व पाणी यांच्या अस्वच्छतेतून जंतू मुलाच्या पोटात जात आणि जायफळाने मूल सुस्त होई. मध चाटविण्याचा धोका तर कोणाला कल्पनेतही नव्हता. मधातून जाणाऱ्या जंतुबीजांमुळे तान्ह्या मुलांना स्नायू लुळे पाडणारा विषविकार होऊ शकतो, ही गोष्ट १९७६ साली अमेरिकेत तो विकार प्रथम ओळखला गेल्यानंतरच्या संशोधनातून पुढे आली. वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये हा आजचा नियम त्यातून आला.

यापेक्षा गंभीर बाब बाळगोळीची, म्हणजे अफूची. आई कामावर गेली असता मूल झोपून राहावे म्हणून अफूची गोळी देण्याची चाल मुंबईच्या गिरणीवस्तीत किती सरसकट होती, हे डॉ. बार्न्स यांनी १९२२ साली कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी दिलेल्या अहवालावरून दिसते. कपाशीच्या वेचणीला जाणाऱ्या बाईची अडचण गिरणीतील बाईपेक्षा फार निराळी नसते. आई सकाळी निघते, मूल आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे राहते, दोन पाजण्यांतील अंतर वाढते, आणि परतल्यावर भरलेल्या छातीशी लागलेले भुकेले मूल घाईने, हवा गिळत, प्रमाणाबाहेर पिते. दूध टाकावयास हे कारण पुरेसे आहे. दोष दुधाचा नसून वेळापत्रकाचा आहे, हे मात्र पथ्य सांगणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. अफूचा खरा अपाय असा की, आजारी मुलाची सुस्ती आणि गोळीची सुस्ती एकसारखी दिसते. काश्यपाने जे चिन्ह पाहावयास सांगितले, तेच अफूने झाकले गेले. विलायती 'ग्राइप वॉटर' १८५१ साली इंग्लंडमध्ये निघाले व हिंदुस्थानात घरोघर पोचले; त्याच्या मूळ पाकात मद्यार्क असे, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

नेरच्या उत्तरेस, अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, मुलाचे पोट फुगले, शिरा दिसू लागल्या, मूल दूध घेईना, की पोटावर तापलेल्या विळ्याचे किंवा सळईचे डाग देण्याचा 'डंबा' हा प्रकार आहे. कायद्याने गुन्हा ठरत असूनही त्याच्या घटना अलीकडच्या वर्षांतही उघडकीस आल्या आहेत. त्यावर टीका करणे सोपे आहे. इतिहासदृष्ट्या महत्त्वाचे हे की, डंबा किरकोळ गुळणीवर नव्हे, तर पोट फुगलेल्या, न पिणाऱ्या मुलावर, म्हणजे नेमक्या धोक्याच्या लक्षणांवर दिला जातो. धोका ओळखण्यात चूक नाही. दवाखान्याच्या अभावी ओळखीचे पर्यवसान विस्तवात झाले.

आता पाश्चात्त्य वैद्यकाकडे वळावे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्थिती फारशी वेगळी नव्हती. दुधाचा दोष, पचनाचा दोष, दाई बदलणे हेच चक्र होते. १८८८ साली कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दोन तान्ह्या मुलांच्या शवचिकित्सेवरून जठराच्या खालच्या दाराचा स्नायू जाड होऊन वाट बंद होण्याचा विकार स्पष्टपणे मांडला. दूध आत जाते, परंतु पुढे सरकत नाही. मग ते पिचकारीसारखे दूर उडते, आणि ओकून झाल्याबरोबर मूल पुन्हा भुकेने तोंड शोधू लागते. हा विकार बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उघड होतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत सुमारे चौपट आढळतो. जर्मन शल्यचिकित्सक कोनराड रामस्टेट यांनी १९११ साली केवळ तो जाड स्नायू उभा चिरून आतील अस्तर अखंड ठेवण्याची शस्त्रक्रिया केली आणि पुढे हाच उपाय सर्वमान्य झाला. दुसरा टप्पा बॉस्टनच्या विल्यम लॅड यांचा. आतडी गर्भावस्थेत नीट न फिरल्यामुळे त्यांना पीळ पडतो आणि मूल हिरवे पित्त ओकते. यावरील शस्त्रक्रिया लॅड यांनी १९३६ साली वर्णिली. हिरवी वांती हे तान्ह्या मुलांत तातडीच्या शस्त्रक्रियेचे लक्षण समजावे, हा नियम यातून दृढ झाला. पीळ पडलेले आतडे काही तासांत मृत होऊ शकते.

या ज्ञानाचा नेरशी संबंध अंतराचा होता. रामस्टेट यांची शस्त्रक्रिया १९११ ची. मुंबईत बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभे राहिले ते १९२९ साली, आणि ते वऱ्हाडातील कुणब्याच्या घरापासून कित्येक शतमैल दूर. १८८५ सालच्या डफरीन फंडाचे नाव अमरावतीच्या स्त्रियांच्या रुग्णालयाला आजही लोकांच्या तोंडी चिकटलेले आहे. परंतु तेथील मुख्य कार्य बाळंतपणाचे. नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली आले, सेवाग्रामला १९६९ साली, यवतमाळला १९८९ साली. रामस्टेट यांची शस्त्रक्रिया आणि यवतमाळचे महाविद्यालय यांत ७८ वर्षांचे अंतर पडते. ज्या विकारावर उपाय सापडलेला होता, त्याच विकाराने या काळात येथे किती मुले गेली हे सांगणारा रकाना, वर म्हटल्याप्रमाणे, कोणत्याच वहीत नव्हता.

ज्ञान पोचण्यास विलंब झाला. डबा मात्र लवकर आला. स्वित्झर्लंडमध्ये आंरी नेस्ले यांनी १८६७ साली मुलांसाठी दूध व पिठाची भुकटी बाजारात आणली. हिंदुस्थानात प्रथम शहरांतील सुखवस्तू घरे आणि पुढे जिल्ह्याची गावे या डब्यांशी परिचित झाली. गुजरातेत आणंद येथील सहकारी दुग्धालयाने म्हशीच्या दुधापासून बालान्न करून देशी डबाही उपलब्ध केला. आईच्या दुधाविषयी घरात आधीच संशय होता. त्या संशयाला आता पर्याय मिळाला. 'अंगावरचे पचत नाही, वरचे सुरू करा' हा सल्ला ज्या घरात पूर्वी बोंडल्यातील गाईच्या दुधापुरता होता, तेथे बाटली आली. दूध टाकणारे मूल बाटलीवर गेले, बाटली धुण्यास स्वच्छ पाणी नव्हते, डबा महाग म्हणून भुकटी पातळ केली जाई, आणि किरकोळ गुळणीच्या जागी हगवण येई. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूर येथील भाषणात अशा मृत्यूंना उघडपणे हत्येचे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेची विक्रीविषयक संहिता १९८१ साली आणि भारतातील दुग्धपर्यायी पदार्थांच्या नियमनाचा कायदा १९९२ साली झाला. या कायद्याने अशा पदार्थांची जाहिरात बंद केली.

मापाचाही येथे एक दोष घडला, आणि तो बहुधा दुर्लक्षिला जातो. मूल दूध टाकते, पण त्याचे वजन वाढते काय, हीच खरी कसोटी. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली व अंगणवाडीत वजनकाटा आला. परंतु पुष्कळ काळ जगभर प्रचारात असलेले वाढीचे आलेख ज्या अमेरिकन मुलांवरून काढले होते, त्यांतील बहुसंख्य बाटलीवर वाढलेली होती. अंगावर पिणारे निरोगी मूल दोन-तीन महिन्यांनंतर त्या मुलांपेक्षा काहीसे सावकाश वाढते. अशा आलेखावर ते 'मागे पडलेले' दिसे. दूध टाकणारे आणि आलेखावर मागे पडणारे मूल पाहून आईचे दूध अपुरे ठरविणे हे जुन्या क्षीरदोषाचेच नवे, आकड्यांतील रूप होते. अंगावर पिणाऱ्या मुलांवर आधारलेले आलेख जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केले. त्यांसाठी निवडलेल्या सहा देशांत भारतही होता.

दूध वर का येते याचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यात होऊ लागला. १९४७ साली न्यूहाउझर व बेरेनबर्ग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरील शैथिल्य हे तान्ह्या मुलांच्या वांतीचे एक कारण म्हणून दाखविले. तेथील वर्तुळाकार स्नायू लहान मुलांत वेळोवेळी सैल पडतो. आहार सर्वस्वी पातळ, जठर लहान आणि मूल बहुतेक वेळ आडवे. तेव्हा दूध मागे येणे हा रचनेचा परिणाम आहे, विकार नव्हे. शिकागो परिसरातील ९४८ मुलांच्या पाहणीत, जी १९९७ साली प्रसिद्ध झाली, पहिल्या तीन महिन्यांत निम्मी मुले दिवसातून निदान एकदा दूध टाकत असल्याचे आढळले. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेले आणि दहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान ५ टक्क्यांवर उतरले. मूल बसू लागले, उभे राहू लागले, घट्ट अन्न खाऊ लागले, की लक्षण मावळते. आकडे परदेशचे असले तरी आजीच्या अनुभवाशी ते जुळतात.

येथेही ज्ञानाने एकदा वाट चुकविली. दूध टाकणाऱ्या मुलाला पालथे झोपवावे, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत काही दशके देण्यात आला. पालथे झोपण्याचा संबंध झोपेतील आकस्मिक मृत्यूशी आहे, असे सिद्ध झाल्यावर ब्रिटनमध्ये १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली मुलांना उताणे झोपविण्याची मोहीम सुरू झाली; आज दूध टाकणाऱ्या मुलासाठीही उताणे झोपणेच इष्ट मानले जाते. पाजून झाल्यावर मुलाला काही वेळ उभे धरून ढेकर काढावी, पाजणे थोडे-थोडे व अधिक वेळा करावे, आणि अंगावरचे दूध कोणत्याही परिस्थितीत गुळणीसाठी बंद करू नये, एवढ्यावर आजचा उपचार येऊन थांबतो.

काळजी केव्हा करावी, या प्रश्नाचे वऱ्हाडाला सर्वांत उपयोगी उत्तर मिळाले ते विदर्भातूनच. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापिलेल्या 'सर्च' या संस्थेने १९९० नंतर नवजात मुलांची घरोघर पाहणी सुरू केली. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरी जाऊन नवजात मुलांची काळजी घेतल्याने तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली आला. त्या निरीक्षणांतून २००५ साली जंतुदोषाची ओळख पटविणारी सात साधी लक्षणे निश्चित करण्यात आली : पिणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे, हातपाय सैल पडणे, वांती किंवा पोट फुगणे, मूल हाताला गार लागणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे, आणि नाळ पिकणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की मूल धोक्यात समजावे. वांती या यादीत आहे, परंतु एकटी नाही. वाग्भटाने सौम्य ओकणे व क्षीरालसक यांत, सुश्रुताने नैगमेषाच्या वर्णनात, आणि काश्यपाने ढेकर व सुस्तीच्या जोडीत जो घोळका अंधुकपणे पाहिला होता, तो येथे मोजून पाहिला गेला. फरक पडताळ्याचा आहे. गडचिरोलीच्या आरोग्यदूताने लक्षणे लिहिली, मूल जगले की गेले हेही लिहिले, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या गेल्या.

या सात लक्षणांची कक्षा पहिल्या महिन्यातील जंतुदोषापुरती आहे. शल्यविकारांसाठी आणखी काही खुणा पाहाव्या लागतात : वांती हिरवी आहे काय, तीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही आहे काय, दूध दर वेळी जोराने दूर उडते काय, टाळू फुगलेली आहे काय, दिवसभरात लंगोट पाच-सहा वेळांपेक्षा कमी भिजतो काय, वजन थांबले आहे काय, आणि सहा महिन्यांनंतर वांती नव्यानेच सुरू झाली आहे काय. हिरव्या वांतीला दुसऱ्या दिवसाची वाट पाहता येत नाही.

२०११ सालापासून गडचिरोलीच्या धर्तीवरील घरभेटींची योजना देशभर 'आशा' कार्यकर्तींमार्फत राबविली जाते. दवाखान्यात प्रसूती झालेल्या मुलाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावयाची असते. या दिवसांकडे वरील इतिहासाच्या संदर्भात पाहिले, तर एक गोष्ट नजरेत भरते. आतड्यांचा पीळ बहुधा पहिल्या आठवड्यांत उघड होतो, म्हणजे आरंभीच्या भेटींच्या काळात. जठराच्या दाराचा अडथळा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उघड होतो, म्हणजे बरोबर शेवटच्या तीन भेटींच्या टप्प्यात. भेटींचे वेळापत्रक जंतुदोष व वजन यांच्यासाठी आखलेले आहे. तरी हिर्शस्प्रुंग यांचे मूल या भेटींत सापडू शकते. अठ्ठाविसाव्या दिवशी काट्यावरचे वजन एकविसाव्या दिवसापेक्षा वाढलेले नसेल, आणि मूल ओकूनही पुन्हा पिण्यास धावत असेल, तर नेरहून यवतमाळचा रस्ता आता एका तासाच्या आत कापता येतो. वजन वाढलेले असेल, मूल हसत असेल आणि केवळ पदर भिजला असेल, तर त्या घरात सांगावयाचे एवढेच उरते की बाळंतिणीच्या ताटातली डाळ व भाजी काढून घेऊ नये.